बुलेटचा सायलेन्सर आणि अनर्थदंड



पिठाची मर्यादा, चातुर्मासातला स्वयंपाक, दशलक्षणाची तयारी, सासू-सुनेची कुरबुर या विषयांवर आपण इथे नेहमी बोलतो. आज बोलायचं आहे ते बुलेटच्या सायलेन्सरबद्दल. हसू नका. आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ज्या घरी वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे आणि दारात बुलेट आहे, त्या घरातली आई या एका वस्तूवरून वर्षातून चार वेळा तरी भांडलेली असते.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरात जुनी बुलेट असणं, तिची हौस असणं, रविवारी तासभर ती पुसत बसणं यात मला काही वावगं दिसत नाही. पण तिचा मुद्दाम वाढवलेला आवाज हा आपल्या शास्त्रात ज्याला अनर्थदंड म्हटलं आहे, त्यातच मोडतो. आणि तो कमी कसा करायचा हे आपण बायकांनी नीट समजून घ्यायला हवं. "आवाज बंद कर नाहीतर गाडी वीक" एवढंच आपल्याला बोलता येतं, म्हणून मुलं आपलं ऐकत नाहीत. "हा सायलेन्सर काढ, असा बसव" हे बोलता आलं, तर ऐकतील.

श्रावकाची बारा व्रतं आपण लहानपणापासून ऐकतो. पाच अणुव्रतं, तीन गुणव्रतं, चार शिक्षाव्रतं. अनर्थदंडविरती हे त्यातलं गुणव्रत. संसारी माणसाच्या हातून हिंसा होतेच. चूल पेटवावी लागते, पाणी वापरावं लागतं, शेत नांगरावं लागतं. ते अर्थासाठी, म्हणजे गरजेसाठी. पण ज्याची गरजच नाही, ज्यातून काही निष्पन्न होत नाही, अशी हिंसा म्हणजे अनर्थदंड. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार दिले आहेत आणि त्यातला एक आहे प्रमादचर्या. विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वारा घालणं, झाडपाला तोडणं हे सगळं त्यात येतं. आपण नळ वाहता दिसला की धावत जाऊन बंद करतो, रिकाम्या खोलीतला पंखा बंद करतो, ते या संस्कारामुळेच. आता सिग्नलला उभी असलेली बुलेट. जायचं कुठेच नाही, पण ॲक्सिलरेटर पिळणं चालू आहे. पेट्रोल जळतंय, धूर निघतोय, आवाज होतोय, आणि गाडी आहे तिथेच आहे. प्रमादचर्येचं याहून सोपं उदाहरण पाठशाळेतल्या मुलांना देता येईल का?

आवाजाने कुठे हिंसा होते, असं कुणी म्हणेल. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात शब्द, म्हणजे ध्वनी, हा पुद्गलाचा पर्याय सांगितला आहे. इतर काही दर्शनांनी शब्दाला आकाशाचा गुण मानलं. आपल्याकडे तो पुद्गलाचा, म्हणून तो आदळतो, अडतो, इजा करू शकतो. बुलेट जवळून गेली की कपाटाच्या काचा थरथरतात, तेव्हा हे कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या मांडणीत कान हे पाचवं इंद्रिय. म्हणजे ज्याला ऐकू येतं तो जीव पंचेंद्रिय. पाळण्यातलं तान्हं, गोठ्यातली गाभण म्हैस, ओट्याखाली निजलेली कुत्री, वळचणीची चिमणी, अंथरुणाला खिळलेले आजोबा, हे सगळे पंचेंद्रिय. रात्री दिवा लावताना चिलट-पतंगाचा विचार करणाऱ्या आपल्या घरांनी फाट-फाट आवाजाने दचकणाऱ्या या जिवांचा विचार करायला नको का?

एका घरातली गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. आजोबांची जुनी बुलेट, बिडाच्या इंजिनाची, उजव्या पायाला गिअर असलेली. आजोबा गेले आणि गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली पडून राहिली. नातू शिकून नोकरीला लागला आणि पहिल्या वर्षाच्या पगारातून त्याने ती बाहेर काढली. इंजिन उघडलं, टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने रंगवून घेतल्या, सीट शिवून घेतली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा सुरू झाली, त्या दिवशी आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. इथपर्यंत सगळं चांगलं. मग मित्रांच्या सांगण्यावरून त्याने जुना सायलेन्सर काढून बाजारातला एक आखूड सायलेन्सर बसवला आणि आतली जाळीही काढून टाकली.

शेजारच्या घरात बाळंतीण आली होती. दोन घरांची भिंत एकच. शेजारीण भांडायला आली नाही, एक शब्दही बोलली नाही. फक्त या बाजूची खिडकी कायमची लावून घेतली. ज्या खिडकीतून तीस वर्षं वाटीभर आमटी इकडून तिकडे जायची, ती खिडकी. मुलाचे वडील म्हणाले, गाडी विकून टाक. मुलगा म्हणाला, आजोबांची गाडी विकणार नाही. दोघांचं बोलणं बंद झालं. आईची काय अवस्था झाली असेल ते तुम्हाला सांगायला नको.

या घरात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती. गाडी ठेवायची तर आवाज सोसायचा आणि आवाज नको तर गाडी जायची. हे गृहीतच चूक आहे. त्यासाठी सायलेन्सर काम कसं करतो ते थोडं समजून घेऊ.

बुलेटच्या इंजिनात एकच सिलिंडर. पेट्रोल आणि हवेचा स्फोट होतो, पिस्टन खाली जातो, आणि जळका वायू जोराने बाहेर पडतो. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना असा एक स्फोट. गाडी जागेवर उभी असताना मिनिटाला साधारण हजार फेऱ्या होतात, म्हणजे सेकंदाला आठ-एक ठोके. हे ठोके वेगवेगळे ऐकू येतात, म्हणूनच बुलेटचा तो डुगडुग आवाज. चार सिलिंडरच्या मोटारीत तेवढ्याच फेऱ्यांना चौपट ठोके होतात, म्हणून तिचा आवाज सलग वाटतो. इंजिनापासून जी वाकडी नळी येते तिला बेंड पाइप म्हणतात आणि पुढचं नळकांडं तो सायलेन्सर.

सायलेन्सरच्या आत दोनपैकी एक रचना असते, कधी दोन्ही असतात. पहिल्या रचनेत आत पडदे घालून कप्पे केलेले असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो, पसरतो, त्याचा जोर मोडतो, आणि पडद्यांवर आपटून परतलेल्या ध्वनिलहरी एकमेकींना मारतात. दुसऱ्या रचनेत मधून भोकांची सरळ नळी जाते आणि तिच्याभोवती ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस, ठासलेला असतो. आवाज त्या कापसात शिरतो आणि जिरतो. पोरं जिला जाळी म्हणतात, ती म्हणजे हे पडदे किंवा भोकांची नळी. ती काढली की उरतं नुसतं नळकांडं. पाणी गाळायचं फडकं फाडून टाकून घागरीला नुसतं कडं बांधावं, तसं.

कापूस तीक्ष्ण, बारीक, कानात घुसणारा आवाज चांगला शोषतो. जाड, खालच्या पट्टीतला आवाज त्याला तितकासा आवरत नाही. त्यासाठी कप्पे लागतात आणि जागा लागते. म्हणून आतली रचना सारखी असेल, तर लांब आणि जाड सायलेन्सर आखूड-बारीक सायलेन्सरपेक्षा गाडी शांत ठेवतो.

मुलाशी बोलताना हाच मुद्दा कामाला येतो. बुलेटच्या आवाजात दोन आवाज मिसळलेले असतात. एक तो जाड डुगडुग, ज्याच्यावर त्याचा जीव आहे. दुसरा फाट-फाट असा कोरडा, टोकदार आवाज, ज्याने बाळ दचकतं. चांगला सायलेन्सर दुसरा आवाज काढून टाकतो आणि पहिला मऊ करून ठेवतो. म्हणजे त्याच्या आजोबांची गाडी आजोबांच्या वेळी जशी वाजायची तशीच वाजेल. १९५० च्या दशकाच्या मध्यात मद्रासला बुलेट तयार होऊ लागली. तेव्हापासून कंपनीने कधी ती फटाके फोडत विकलेली नाही. तो आवाज गाडीचा नव्हेच, तो बाजाराने तिला चिकटवला आहे.

फटाक्यांचंही सांगते. चालत्या गाडीचा स्विच बंद करून पुन्हा चालू करायचा, की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरात जाऊन पेटतं आणि मोठा बार होतो. दिवाळीत फटाके न उडवण्याचा नियम आपल्या किती घरांत आहे! आणि त्याच घरातला मुलगा वर्षभर असे बार काढत फिरतो. पेट्रोल फुकट, सायलेन्सरचं आयुष्य कमी, रस्त्यावरचा म्हातारा सायकलवरून पडण्याची भीती. यात अर्थ कुठला शोधायचा?

आता मुलं जी कारणं देतात त्यांची उत्तरं. पहिलं कारण, मोकळ्या सायलेन्सरने गाडी जोरात पळते. जुन्या गाडीचा कार्बोरेटर कंपनीच्या सायलेन्सरला जुळवलेला असतो. नुसता सायलेन्सर मोकळा केला की हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडतं, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं. प्लग काढून बघा, टोक पांढरं पडलेलं दिसेल. बेंड पाइप निळसर पडला असेल तर तेही जास्त तापल्याचं लक्षण असू शकतं. जोर वाढल्यासारखा वाटतो तो बहुतेक वेळा कानाला, चाकाला नव्हे. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. सायलेन्सर बदलताना तोही निघून गेला, तर हवेत जाणारं विष वाढतं. वायुकायाचा विचार करणाऱ्यांनी हे विसरू नये.

दुसरं कारण, आवाजामुळे समोरच्याला कळतं आणि अपघात टळतो. सायलेन्सरचं तोंड मागे असतं. आवाजाचा जोर मागच्या माणसाला, धोका बहुतेक वेळा पुढून. काचा बंद करून गाणी लावलेल्या ट्रकवाल्याला तो ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. हेल्मेट, नीट चालणारे दिवे, आरसे आणि गरजेपुरता हॉर्न यांनी जीव वाचतो.

तर मग शांत सायलेन्सर कसा निवडायचा? पहिली निवड कंपनीचा मूळ सायलेन्सर. पुष्कळ घरांत तो काढून माळ्यावर टाकलेला असतो, आधी तिथे शोधा. गंजून भोकं पडली नसतील तर साफ करून तोच बसवा. नसेल तर त्याच मॉडेलचा कंपनीचा नवीन मिळतो का ते विचारा. फार जुन्या गाडीसाठी तो मिळत नसेल, तरच बाजारातल्या दुसऱ्याकडे वळा.

दुकानात त्याला शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, गोल्डस्टार, इंदोरी, पंजाबी अशी नावं ऐकायला मिळतील. नावावर जाऊ नका, कारण एकाच नावाखाली आतून वेगवेगळा माल असतो. मागच्या तोंडातून टॉर्च मारून बघा. आरपार उजेड दिसला तर तो सरळ नळीचा आहे. त्यात भरपूर कापूस असेल तर काही काळ ठीक चालेल, पण कापूस उष्णतेने जळत आणि उडत जातो आणि आवाज दर महिन्याला वाढतो. उजेड अडला तर आत पडदे आहेत, तो घ्या. हातात धरून वजन बघा. दुहेरी पत्र्याचा, पडदे असलेला सायलेन्सर जड लागतो. बोटाने वाजवून बघा. पातळ पत्र्याचा डबा टणटण वाजतो, आणि गाडीवर बसवल्यावरही तो पत्रा स्वतः वाजत राहतो. जाळी स्क्रूने निघणारी आहे की वेल्ड केलेली, हे विचारा. निघणारी जाळी एक दिवस निघतेच. वेल्ड केलेली घ्या.

बसवताना इंजिन आणि बेंड पाइपच्या सांध्यातलं गॅस्केट नवीन घाला आणि क्लॅम्प घट्ट आहे ना ते बघा. त्या सांध्यातून फट राहिली तर कितीही चांगला सायलेन्सर असो, फटफट आवाज येतच राहतो, शिवाय बाहेरची हवा आत शिरून आपोआप फटाके फुटतात. काही जण पैसे वाचवायला सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबतात. तसं करू देऊ नका. वायूची वाट अडते, इंजिन तापतं, आणि एक दिवस ती तापलेली घासणी मागून येणाऱ्याच्या अंगावर उडते.

आवाज खरंच कमी झाला का, हे बघायला मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घ्या. त्याचा आकडा काटेकोर नसतो, पण आधी आणि नंतर एकाच मोबाइलने, एकाच जागेवरून, तेवढ्याच अंतरावरून मोजलं तर फरक कळतो. डेसिबल हे माप जरा वेगळं आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणून आठ-दहाचा फरक पडला तरी खूप झालं. आणि मोजताना आपल्या अंगणात उभं राहू नका, शेजारणीच्या ओट्यावर उभं राहून ऐका. त्रास तिला होतो, निर्णय तिच्या कानाने व्हावा.

काही घरांत बुलेटऐवजी जुन्या मोटारीची हौस असते. जुनी जीप, जुनी फियाट, एखाद्याकडे दोन दारांची स्पोर्ट्स गाडीही असते. तिथेही हेच लागू आहे, फक्त मोटारीत बहुधा दोन डबे असतात, एक मध्ये आणि एक मागे. हौशी लोक मधला काढून तिथे सरळ पाइप लावतात. मग हायवेवर ठरावीक वेगाला गाडीच्या आत एक घुमारा भरतो, डोकं जड होतं आणि मागच्या सीटवरची मुलं किरकिर करतात. मधला डबा परत बसवून घेतला तर बाहेरचा आवाजही कमी होतो आणि आतला घुमाराही. मोठा मागचा डबा घेताना मधला डबा विसरू नका, एवढंच.

कायद्याची बाजूही मुलांच्या कानावर घाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२० व्या नियमात प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे असं म्हटलं आहे, आणि १७५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलला ८० डेसिबलची मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९० खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पेपरात पाहिले आहेत. तरी मी म्हणेन, दंडाच्या भीतीने बदललेला सायलेन्सर नाकाबंदी उठली की परत येतो. समजून बदललेला टिकतो.

आपण पिठाला पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची मर्यादा पाळतो. आवाजालाही तशी मर्यादा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ठरवले आहेत. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. पिठाची मर्यादा पाळताना आपल्याला कुणी पोलीस लागत नाही. ही का लागावी?

आता आपल्यातल्याच काही जणी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? गाडी हाच परिग्रह, विकून मोकळं व्हावं. परिग्रहाचं परिमाण ज्याचं त्याने ठरवायचं असतं. ज्याने मनापासून ठरवलं त्याने जरूर विकावी, मी त्याला नमस्कार करीन. पण बापाने मुलाच्या हातून हिसकावून विकलेली गाडी हा मुलाचा त्याग होत नाही. मुलाच्या मनात कषाय वाढतो, आणि दोन वर्षांनी तो दुसरी गाडी घेतो, याहून मोठ्या आवाजाची. ज्या हौसेत अनर्थ आहे तेवढा बाजूला काढायला शिकवलं, तर पुढे परिमाणही तो स्वतः करू शकेल.

दुसरा आक्षेप मुलांचा आहे, आणि तो मला झोंबतो. "काकू, मिरवणुकीत आपला डीजे चालतो, विधानाला पहाटेपासून बस्तीवर भोंगा लागतो, तेव्हा शेजारच्या बाळाचे कान दुखत नाहीत का?" एका मुलाने मला हे तोंडावर विचारलं. त्याला उद्धट म्हणून गप्प बसवणं सोपं होतं. पण त्याचं बरोबर आहे. पूजेचा आवाज पूजेला बसलेल्यांपर्यंत पोचला की काम झालं. त्यापुढे चार गल्ल्यांत जो जातो, त्याने कुणाच्या कर्माची निर्जरा होते? रथयात्रेत भिंतीएवढे स्पीकर लावून आपण अहिंसेच्या घोषणा देतो, आणि रस्त्याकडेची जनावरं दावी ओढतात. मुलाकडून सायलेन्सर मागायचा असेल तर आपल्यालाही भोंग्याचं तोंड आत वळवावं लागेल. महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय काढायला काय हरकत आहे? स्पीकर मंडपापुरते, डीजेऐवजी ढोल-ताशा किंवा नुसती भजनं, दवाखान्यासमोर मिरवणूक मुकी. पाठशाळेत बोलण्याआधी आपण हे केलं, तर आपल्या शब्दाला वजन येईल.

त्या आजोबांच्या बुलेटच्या घरात शेवटी आईनेच मार्ग काढला. तिने मुलाला सांगितलं, गाडी राहू दे, मी तुझ्या बाबांशी बोलते, पण सायलेन्सर आपण दोघं मिळून आणू, आणि दिवाळीच्या खरेदीतले माझ्या साडीचे पैसे त्याला घालू. दुकानात तिने टॉर्च मारला तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, तुम्ही पहिल्याच बाई आत बघणाऱ्या." जड, पडद्यांचा, जाळी वेल्ड केलेला सायलेन्सर मिळाला. गॅस्केट बदललं, कार्बोरेटर पुन्हा जुळवून घेतला. मुलाने स्वतःहून आणखी एक केलं. सकाळी ड्यूटीला निघताना तो गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत हाताने ढकलत नेतो आणि तिथे किक मारतो. मुनिमहाराजांच्या ईर्यासमितीची सर आपल्याला कुठली येणार, पण चालताना दुसऱ्या जिवाचा विचार करण्याची ही गृहस्थाची एक छोटी पायरी म्हणायला हरकत नाही. शेजारची खिडकी एका दिवसात उघडली नाही. आधी दिवसा उघडू लागली.

मैत्रिणींनो, आपलं सामायिक दोन घटकांचं, म्हणजे ४८ मिनिटांचं. तेवढ्या वेळात रस्त्यावरून किती गाड्या मन ओढून नेतात ते तुम्हाला ठाऊक आहे. जगातल्या सगळ्या गाड्या आपल्या हातात नाहीत. आपल्या दारातली एक आहे. या चातुर्मासात हरी भाजी सोडण्याचा, रात्रीभोजन सोडण्याचा नियम आपण घेऊच. घरात बुलेट असेल तर त्याबरोबर मुलालाही एक नियम घ्यायला सांगा. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत विनाकारण ॲक्सिलरेटर पिळणार नाही, बार काढणार नाही, रात्री दहानंतर गल्लीत गाडी सुरू करणार नाही. आणि त्याला हे सांगण्याआधी एकदा त्याच्याबरोबर गाडीपाशी बसा, त्याच्याकडून सायलेन्सर समजून घ्या. आईला आपल्या गाडीत रस आहे असं दिसलं की मुलं पुष्कळ ऐकतात.

तुमच्या घरी काय चाललं आहे ते मला जरूर कळवा. आणि माळ्यावर जुना सायलेन्सर सापडला तर तेही!